रुचासाठी वायवर्णा

काळाचौकी,
२१ फेब्रुवारी

श्रीमती सरोजिनीताईंना नलू राऊतचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे खुशाल आहेत. आपल्या मुलांनी आपल्या दोघींना काय शपथ घातली ते तुम्हाला आठवत असेलच. माझा स्वप्नील आणि तुमची रुचा आपलं आपलं काय ते ठरवेपर्यंत विहिणींनी एकमेकींना फोन करायचा नाही, मेसेज टाकायचा नाही, मध्ये पडायचं नाही. मी शपथ मोडत नाही. पण पत्राचं कोणी काही बोललं नव्हतं. हल्ली कोणी पत्र लिहील हे त्या दोघांच्या डोक्यातच आलं नसणार.

पिशवी घेऊन येणारी अंबिका आमच्या शेजारच्या खोलीत राहते. तुमच्या पुढच्याच बिल्डिंगमध्ये तिचं पोळ्यांचं काम आहे. ती पिशवी तुमच्या वॉचमनकडे ठेवील आणि तुमचं उत्तरही त्याच्याकडूनच आणील. वर यायला तिला वेळ नसतो आणि चौकशा करायची सवय नाही, म्हणून तर तिला निवडली.

डब्यात वायवर्ण्याची भाजी आहे. आमच्या मागच्या गल्लीत बंद गिरणीच्या भिंतीवरून एक झाड बाहेर झुकलंय, त्याची पालवी. थंडी सरली की त्याची सगळी पानं गळतात आणि मग कोवळे, चकचकीत कोंब फुटतात. एका देठाला तीन पानं. माझं माहेर अलिबागकडचं, तिकडे या दिवसांत ही भाजी घरोघरी. इकडे ते झाड कोणाला ठाऊक नाही, म्हणून ते माझं एकटीचं. भाजी कडू असते, पण ज्याला आवडते त्याला आवडते. तुमच्या रुचाने लग्नानंतरच्या पहिल्या शिमग्याला ती खाल्ली आणि ताट चाटूनपुसून परत घेतली. तेव्हापासून दरवर्षी मी तिच्यासाठी फांदी ओढायची आकडी घेऊन त्या भिंतीखाली उभी राहते. आमच्यापुरते त्यात सोडे, म्हणजे सुकी कोलंबी असते, पण तिला आणि तुम्हाला ते चालायचे नाहीत म्हणून कडवे वाल घातलेत.

आडपडदा ठेवून लिहायची मला सवय नाही. मला रुचा परत हवी आहे. का गेली ते मला कोणी सांगत नाही. स्वप्नील म्हणतो, "आई, तू टेन्शन घेऊ नको." असं म्हटलं की टेन्शन येतं हे त्याला कळत नाही. ही भाजी वर्षातून महिनाभरच मिळते. यंदा आपली चुकली, असं तिला वाटू नये एवढंच. तुम्ही तिला द्या आणि ती काय म्हणते ते मला कळवा.

तुमची विहीण,
नलू


शिवाजी पार्क,
२४ फेब्रुवारी

प्रिय नलूताई,

तुमचं पत्र आणि डबा दोन्ही पोचले. शपथेतली पळवाट मला फार आवडली. मी आयुष्यभर औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम केलं, तिथेही नियमात जे लिहिलेलं नाही ते करून बघायची मला खोड होती.

भाजीचा कणही उरला नाही. पहिला घास खाल्ल्यावर वाटलं, हे काय आहे? दुसऱ्या घासाला तो कडवटपणा जिभेच्या मागे गेला आणि तिथे वालाची गोडी लागली. मग पोळी बाजूला ठेवून नुसतीच भाजी. रुचाला आवडलीच. तिने विचारलंय की पालवी आधी उकळून पाणी टाकून देता का, आणि टाकत असाल तर सगळा कडूपणा का जात नाही? कोवळ्या पानांत आणि जरा मोठ्या पानांत चवीचा फरक किती? वाल कडवेच का, साधे का नाहीत? प्रश्न पुष्कळ आहेत, सवडीने उत्तरं द्या.

रिकामा डबा परत करू नये हे मला माहीत आहे, पण सध्या आमच्या स्वयंपाकघरात पाठवण्याजोगं काही शिजत नाही. म्हणून सुके अंजीर घातलेत. राग मानू नका.

मुलांबद्दल मी काय लिहू? मलाही पुरतं काही सांगत नाहीत.

आपली,
सरोजिनी टिल्लू


काळाचौकी,
१ मार्च

सरोजिनीताई,

भाजी संपली हे वाचून मी ते पत्र स्वप्नीलच्या बाबांना वाचून दाखवलं. ते मंडळात कॅरम खेळायला निघाले होते, दारातच थांबून म्हणाले, "बघ, तुझी सून तुझी भाजी विसरली नाही." मला किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही.

आता रुचाच्या प्रश्नांची उत्तरं. हो, पालवी चिरून उकळायची आणि घट्ट पिळून ते पाणी टाकून द्यायचं. सगळा कडूपणा गेला तर मग वायवर्णा कशाला खायचा, कोबी खावा. पानं जितकी चकचकीत तितकी चांगली, हात लावल्यावर मऊ लागली पाहिजेत. जून झाली की जनावरं पण खात नाहीत. वाल कडवे का ते मला माहीत नाही. माझी आई घालायची म्हणून मी घालते. घरात इतके दिवस राहून रुचाने मला यातलं एकही विचारलं नव्हतं, आता बरं सुचतंय. दूर गेलं की माणसाला घरचं आठवतं.

परत भाजी पाठवली आहे, या वेळी जास्त. आणि खरं सांगा, ती काही बोलते का? स्वप्नीलचं नाव काढते का?

अंजीर छान होते. पण विहीणबाई, घरात शिजत नाही म्हणजे काय? रुचा जेवते ना नीट?

नलू


शिवाजी पार्क,
५ मार्च

प्रिय नलूताई,

आज मी तुम्हाला माझ्या एका फजितीची हकिगत सांगणार आहे. हसा, पण अंबिकाबाईंना सांगू नका, त्यांचं काम माझ्या ओळखीच्यांकडे आहे.

तुमच्या पत्राने मला इतकं कुतूहल वाटलं, की वायवर्णा आपल्याकडेही असेल असं मनाशी धरून मी सकाळी पार्काच्या कट्ट्याला दोन फेऱ्या मारल्या. एका देठाला तीन पानं, कोवळी, चकचकीत, हे तुम्ही लिहिलं होतंत. मागच्या गल्लीत एका आवारात अगदी तसंच झाड मिळालं. परवानगी विचारली, तिथल्या बाई म्हणाल्या, "घ्या की, देवाचंच आहे." मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. पिशवीभर पाला घेऊन येताना चालायला येणाऱ्या एका गृहस्थांनी पिशवीकडे बघून हात जोडले. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

घरी आणून चिरला, उकळला, पिळला, वाल घालून शिजवला. शिजता शिजेना. कुकरला लावला. सगळ्या घराला देवळाचा वास सुटला आणि तेव्हा मला कळलं, की मी बेलाची भाजी केली आहे. खुडताना काटे बोटात गेले होते, तेव्हाच थांबायला हवं होतं. तरीही, प्रयोग अर्धवट टाकायचा नाही म्हणून घासभर खाल्ली. सांगण्यासारखं काही नाही. रुचाला अर्थातच दिली नाही.

दुसरं असं, रुचाची एक इच्छा आहे. तुम्ही सोड्यांचा उल्लेख केला होतात. ती भाजी सोडे घातल्यावर कशी लागते हे खाऊन बघायचंय. आमच्या घरी हे कधी आलेलं नाही, पण विचारायला काय हरकत आहे?

ती जेवते. तुमचा डबा आला की पोटभर जेवते.

सरोजिनी


काळाचौकी,
९ मार्च

अहो विहीणबाई,

मी हसून हसून खाली बसले. स्वप्नीलच्या बाबांनी विचारलं काय झालं, तर मी त्यांना सांगितलं, की शिवाजी पार्कात महादेवाला फोडणी दिली. ते म्हणाले, शिवरात्र नुकतीच झाली आहे, देव अजून जागाच असेल, माफ करील. वायवर्ण्याला काटे नसतात आणि पान चुरगळलं तर वेगळाच उग्र वास येतो. पुन्हा कधी शंका आली तर मला आधी विचारा. माझं काय जातंय? पण सगळ्या गावात कोणी बेल कुकरला लावला नसेल, हा मान तुमचा.

आता दुसरं. रुचाला सोडे हवेत? तीन वर्षांत तिने आमच्याकडे सुकटीच्या डब्याचं झाकण उघडलं तर नाकाला पदर लावला. मी कधी काही बोलले नाही, ज्याची त्याची आवड. आणि आता स्वतः मागते? मला नवल वाटलं, आणि मनात आणखी काय आलं ते आत्ता लिहीत नाही.

सोडे घालून वायवर्णा पाठवला आहे. झाकण घट्ट बसवलंय, वॉचमनला वास नको. बरोबर दुसऱ्या डब्यात चिंचेच्या कोवळ्या पाल्याची आमटी आहे. शाळेच्या मागच्या चिंचेला आता गुलाबीसर कोंब फुटलेत, ते ओरबाडून आणलेत. आंबट असते. तिला कशी लागते ते नीट बघून कळवा. सकाळी उठल्यावर तिला कसं वाटतं? दुपारची झोपते का? सहज विचारते.

नलू


शिवाजी पार्क,
१४ मार्च

प्रिय नलूताई,

तुमचे प्रश्न जरा विचित्र आहेत, पण मी प्रयोगशाळेतली बाई, प्रश्नाला उत्तर द्यायचं हे अंगवळणी पडलंय.

सोडे घातलेली भाजी खाताना आधी भीती वाटली, मग नाही. त्या कडवटपणाला समुद्राची खारट चव काय मिळाली, काही विचारू नका. इतकी वर्षं आपण किती चवी बाहेर ठेवल्या असं वाटून गेलं. रुचाचंही तेच म्हणणं.

पण खरा विजय चिंचेच्या पाल्याचा. चिंच म्हणजे फळ एवढंच मला ठाऊक होतं, पानही आंबट असेल असं कधी मनात आलं नाही. सकाळी उठल्या उठल्या तीच आमटी आठवते, तोंडाला पाणी सुटतं. उरलेली थंडच वाटीतून प्यायली. दुपारी जेवणानंतर अगदी गाढ झोप लागते, ही गोष्ट या घरात पुष्कळ दिवसांनी घडली. रुचा म्हणते, अजून आंबट मिळेल का?

माझ्याकडूनही एक शोध. कुंड्यांमध्ये माळी तण म्हणून उपटून टाकतो ते चिमुकल्या पानांचं रोप मी चाखून बघितलं. पुस्तकातून खात्री केल्यावरच, बेलाने मला शहाणं केलंय. ती आंबुशी निघाली. छान आंबट आहे. डाळीत घालून बघितली. तो बेल सोडला तर स्वयंपाकघरात मी स्वतः काही शिजवलं हे या वर्षातलं पहिलंच. मूठभर धुऊन डब्यात घातली आहे, या वेळी अंजीर नाहीत.

सरोजिनी


काळाचौकी,
१७ मार्च

सरोजिनीताई,

आता मी गप्प बसू शकत नाही. कडू हवंसं वाटतं, ज्याचा वास सहन होत नव्हता ते मागून खाते, सकाळी उठल्या उठल्या आंबट, दुपारी गाढ झोप. मी दोन बाळंतपणं केली आहेत आणि चाळीतल्या कितीतरी जणींची बघितली आहेत. अहो, हे डोहाळे आहेत.

तुम्ही आई असून तुमच्या लक्षात कसं आलं नाही? सगळं लक्ष तुमचं पानाच्या रंगाकडे. डॉक्टरकडे नेली का? पपई देऊ नका, तिळाचं काही नको. रानातलं काही नवीन खुडून तिच्यावर प्रयोग करू नका, तुमच्या आंबुशीचं पण मला विचारूनच द्या. वायवर्णा सुद्धा आता नको, उष्ण पडतो म्हणतात. चिंचेचा पाला थोडाच पाठवते.

स्वप्नीलला माहीत आहे का? मी त्याच्या तोंडाकडे बघते, पण त्याचं तोंड म्हणजे बंद दुकान. मी त्याला काही बोलले नाही. पण सरोजिनीताई, आता तरी ती दोघं एकत्र येतील असं मला वाटतं. देवाने आपल्या हातात काही ठेवलं नव्हतं, ते त्यानेच केलं. काल रात्री मी स्वप्नीलच्या लहानपणची झबली ट्रंकेतून काढून उन्हात टाकायला ठेवली. चुकलं का माझं?

नलू


शिवाजी पार्क,
२० मार्च

नलूताई,

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तसं काही नाही. कृपा करून असं काही मनात आणू नका, आणि घरात कोणाला बोलू नका. झबली पुन्हा ट्रंकेत ठेवा. याहून जास्त मला आत्ता लिहिता येत नाही.

डबा धुऊन पाठवते आहे. त्यात काही घालायला सुचलं नाही, क्षमा करा.

सरोजिनी


काळाचौकी,
२२ मार्च

विहीणबाई,

समजलं. सगळं समजलं. तिसरा महिना संपेपर्यंत बोलायचं नसतं, हे मला का ठाऊक नाही? मीच उतावळी, कागदावर लिहून मोकळी झाले. तुमचं पत्र मी चुलीत घातलं असतं, पण गॅसवर कागद जाळायची भीती वाटते म्हणून फाडून टाकलं. कोणाला बोलणार नाही. तुम्ही नाही म्हणालात, मी नाही असंच धरते.

तुमची काळजी पत्रात दिसली. इतकं तुटक तुम्ही कधी लिहीत नाही. एकटीने सगळं सांभाळताय, मला कळतं. पाडव्यापर्यंत मी डबा पाठवत नाही, उगाच वॉचमनच्या नजरेत यायला नको.

नलू


काळाचौकी,
३१ मार्च

सौ. रुचाच्या आईंना,

काल पाडवा. कडुनिंबाची फुलं, गूळ आणि जिरं घालून मी घरी प्रसाद केला. आमच्या घराच्या पद्धतीने तो सुनेच्या हातावर पहिला ठेवतात. मला राहवलं नाही. मुलांची शपथ फोनची होती, पायांची नव्हती. मी वाटीभर प्रसाद आणि चिंचेचा पाला घेऊन तुमच्या खाली आले. वर यायचं नव्हतं, वॉचमनला म्हटलं, रुचाला फक्त पाच मिनिटं खाली पाठव.

तो म्हणाला, "रुचा मॅडम? वो तो बंगलोर में हैं ना. शिवरात्रीच्या आधीच गेल्या. आंटी अकेलीच असतात."

मी त्याला परत विचारलं. त्याने परत तेच सांगितलं. मी प्रसाद त्याच्या हातावर ठेवला आणि चालत दादरच्या पुलापर्यंत आले, तोवर कुठे जातेय ते मला समजत नव्हतं.

घरी येऊन स्वप्नीलला धरलं. तो म्हणाला, "आई, तिची ट्रान्सफर झालीय. मी सांगणारच होतो. आमचं जवळपास ठरलंय. तू हायपर होऊ नको." म्हणजे त्याला माहीत होतं, तिला माहीत होतं, तुम्हाला माहीत होतं, वॉचमनला माहीत होतं. फक्त आकडी घेऊन भिंतीखाली उभी राहणाऱ्या बाईला माहीत नव्हतं.

मी तुम्हाला एवढंच विचारते. माझे डबे कोणी खाल्ले? सोडे कोणी मागितले? मी झबली काढली तेव्हा तुम्हाला काहीच वाटलं नाही? तुम्ही शिकलेल्या, मोठ्या नोकरीतल्या. मला वेड्यात काढायला तुम्हाला फार कष्ट पडले नसतील.

उत्तर पाठवू नका.

नलिनी राऊत


शिवाजी पार्क,
१ एप्रिल

नलूताई,

उत्तर पाठवू नका म्हणालात, तरी पाठवते.

डबे मी खाल्ले. सगळे. सोडे मी मागितले. सकाळी आंबट मला आठवत होतं आणि दुपारची झोप मला लागत होती.

रुचाला बंगलोरला बदली मिळाली आणि ती गेली. जाताना म्हणाली, "आई, स्वप्नील त्याच्या घरी सांगेपर्यंत तू काही बोलू नकोस." मी हो म्हटलं. नंतर तुमचा पहिला डबा आला. तेव्हाच मला लिहायला हवं होतं, की ती इथे नाही. पण नलूताई, ती नाही असं लिहिलं असतं तर दुसरा डबा आला असता का? हे गेल्यापासून मी एकटीसाठी काय शिजवायचं म्हणून सकाळी टोस्ट आणि रात्री टोस्ट खात होते. रुचा होती तेव्हा ती बाहेरून मागवायची. तुमच्या भाजीचा तो पहिला घास घेतला तेव्हा मला कळलं, की मला कित्येक महिने भूकच लागली नव्हती. मग मी रुचाचं नाव पुढे केलं. विहिणीच्या आईपणावर जेवले, असं म्हणा हवं तर. मला त्याची लाज वाटते.

झबल्यांचं पत्र आलं त्या दिवशी मी लिहायला बसले होते. तसं काही नाही एवढं लिहिलं आणि पुढे धीर झाला नाही. तुम्हाला वेड्यात काढायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. त्या पत्रांतलं एकच खोटं होतं, रुचाचं नाव. बाकी शब्द न् शब्द माझा होता.

मलाही वाटत होतं, की मुलांनी एकत्र यावं. तुमच्याइतकंच वाटत होतं.

सरोजिनी


शिवाजी पार्क,
९ एप्रिल

नलूताई,

अंबिकाबाई म्हणाल्या, पत्र पोचवलं. तुम्ही काही बोलला नाहीत असंही म्हणाल्या, आणि त्या चौकशा करत नाहीत हे तुम्ही मला लिहिलं होतंत, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

तुमचा डबा माझ्याकडे राहिला आहे. त्यात आंबुशीची डाळ घालून पाठवते. मीठ जरा जास्त झालं आहे. फेकली तरी चालेल.

सरोजिनी


काळाचौकी,
२१ एप्रिल

सरोजिनीताई,

डाळ फेकली नाही. स्वप्नीलच्या बाबांनी खाल्ली. मी चव बघितली, मीठ खरंच जास्त होतं.

परवा रुचा आली होती. मुंबईत कामाला आली होती, आणि न सांगता आमच्या दारात उभी. मला वाटलं होतं, ती आली तर मी ओरडेन, नाहीतर रडेन. पण दारात उन्हातून आलेलं माणूस बघून मी म्हटलं, बस, पाणी पी. ती माझ्या पाया पडली. मग म्हणाली, "आई, आम्ही वेगळे होतोय. तुम्हाला मी स्वतः येऊन सांगायला हवं होतं, आधीच." मी विचारलं, भांडण तरी कशावरून? ती म्हणाली, "भांडण नाही हो. आम्ही दोघं एका घरात राहत होतो आणि महिना महिना एकमेकांना काही विचारायचोच नाही. मी ट्रान्सफर घेतली तेव्हा पण त्याने घेऊ नको असं नाही म्हटलं, घे असं पण नाही म्हटलं." स्वप्नील तिथेच उभा होता. त्याने मान खाली घातली, पण ती खोटं बोलतेय असं म्हणाला नाही. म्हणजे खरंच होतं. मला त्यातलं काही दिसलं नव्हतं.

मी तिला जेवायला बसवलं. वायवर्ण्याच्या शेंड्याला शेवटची कोवळी पालवी होती, तीच आदल्या दिवशी काढली होती. कोणासाठी काढली म्हणून विचारू नका, हात सवयीने गेला. ताट वाढलं. तिने दोन घास खाल्ले आणि थांबली. म्हणाली, "आई, रागावणार नसाल तर एक सांगू? मला ही भाजी कधीच आवडली नाही."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. ती म्हणाली, पहिल्या वर्षी तिने नव्या नवरीच्या धाकाने आधी भाजी संपवली, म्हणजे नंतर बाकीचं सुखाने खाता येईल. रिकामी जागा बघून मी आनंदाने परत वाढली. त्यानंतर दरवर्षी मी तिच्यासाठी म्हणून खुडायची आणि ती माझ्यासाठी म्हणून गिळायची. "तुम्हाला इतका आनंद व्हायचा, मला सांगवेना," म्हणाली.

ती गेल्यावर मी स्वप्नीलला विचारलं. तो म्हणाला, "मी चपातीत गुंडाळून खातो, म्हणजे टेस्ट लागत नाही." त्याच्या बाबांना विचारलं. ते म्हणाले, "तू वाढतेस, मी खातो." आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, हे मला आज कळलं.

राग कोणाचा करायचा हेच समजेना. मग तुमची पत्रं काढली आणि पहिल्यापासून वाचली. कडवटपणा जिभेच्या मागे जातो आणि तिथे वालाची गोडी लागते, असं तुम्ही लिहिलं होतंत. अगदी तसंच लागतं. मला ते असं कधी सांगता आलं नसतं. माझी आई गेल्यानंतर ही भाजी मनापासून खाणारं एकच माणूस मला मिळालं, आणि ते खोटं बोलून खात होतं.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही हे आधी सांगते. झबल्यांचं मला अजून आठवतं आणि वाईट वाटतं. जूनमध्ये मुलांचे कागद होतील, मग आपण एकमेकींच्या कोणी लागणार नाही. विहीण म्हणून तुम्हाला डबा पाठवायचं कारण उरणार नाही, आणि दुसऱ्याच्या नावाने जेवणाऱ्या बाईला मी यापुढे डबा पाठवणारही नाही. ज्याला भूक आहे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं. वायवर्णा आता संपला. चिंचेचा पाला अजून आठवडाभर मिळेल.

नलू


शिवाजी पार्क,
२२ एप्रिल

नलू,

मला भूक लागली आहे. मला, सरोजिनीला.

शनिवारी दुपारी अंबिकाबाई काम आटोपून निघतील, तेव्हा त्यांच्याबरोबर मी येते. वाढून ठेवू नकोस, आधी झाडं दाखव. मग चिंचेचा पाला तू म्हणशील तसा मी निवडीन, आणि त्यात सोडे घाल.

सरोजिनी